नोकरी गेली, हप्ते चालूच. कुणाचं आधी भरायचं आणि कुणाला थांबवायचं?

काठावरचा | ९ जून, रात्री ११:५०

इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे. हा आयडी नवा काढलाय, कारण जुना घरात माहीत आहे.

वय ४४. एका कारखान्याच्या डिझाइन विभागात १५ वर्षं होतो. नोव्हेंबरात विभागच बंद केला. फुल अँड फायनलचे पैसे मार्चपर्यंत पुरले. आता घरून ड्रॉइंगची सुटी कामं करतो, महिन्याला १२-१३ हजार सुटतात. बायको शाळेत शिकवते, तिचे १९. दोन मुलं शिकताहेत. म्हणजे आवक साधारण ३२ हजार. देणी अशी:

घर: शिल्लक साडेचोवीस लाख, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २६,०३५
पर्सनल लोन: शिल्लक ४ लाख ८ हजार, हप्ता १३,९६१
गाडी: शिल्लक २ लाख १० हजार, हप्ता ८,९६०
दोन क्रेडिट कार्डं: १ लाख ८५ हजार आणि ९२ हजार
मोबाइलवरची तीन कर्जाची ॲप्स: मिळून ६० हजार
मेहुण्याकडून हातउसने: दीड लाख

पहिल्या तिघांचेच हप्ते ४९ हजार होतात. घराचा एप्रिलचा, मेचा आणि परवाचा ५ जूनचा असे तीन हप्ते गेलेले नाहीत. बँकेकडून एक पत्र आणि दोन एसएमएस आलेत, बाकी शांत आहे. ॲपवाले मात्र दिवसाला तीस-चाळीस फोन करतात. गेल्या आठवड्यात कार्डावरून २० हजार रोख काढले आणि एका ॲपला भरले.

बायकोला घर, गाडी आणि पर्सनल लोनचं माहीत आहे. ॲप्स आणि मेहुण्याचं नाही. मेहुण्याला मीच सांगितलं होतं की ताईला बोलू नकोस.

दोन प्रश्न. घरावर टॉप-अप (चालू गृहकर्जावरच वाढीव कर्ज) घेऊन सगळं एकात आणता येईल का? आणि एक ओळखीचा माणूस महिना ५ टक्क्यांनी ३ लाख द्यायला तयार आहे, ते घ्यावेत का?


खडूसकाका | १० जून, सकाळी ६:३५

कमाई ३२ आणि दारात गाडी. हसावं की रडावं? अंथरूण पाहून पाय पसरावेत असं आमच्या पिढीला शिकवलं होतं. आधी गाडी विका, मग सल्ले मागा.


अबोली७ | १० जून, सकाळी ७:१०

काका, अंथरूण होतं तेव्हाच पाय पसरले होते त्यांनी. अंथरूण मागाहून ओढलं गेलं. गाडीचं म्हणणं बरोबर असेलही, पण सकाळी सकाळी सूर जरा खाली घ्या.


निवृत्त_खातेवही | १० जून, सकाळी ९:२०

बँकेच्या वसुली विभागात १९ वर्षं काढली आहेत, तेव्हा टेबलाच्या पलीकडून सांगतो.

तुम्ही पैसे आवाजाच्या क्रमाने भरताय. सगळेच तसं करतात आणि तिथेच घात होतो. जो दिवसाला चाळीस फोन करतो त्याच्या हातात फोनाखेरीज काहीही नसतं. ॲप, कार्ड, पर्सनल लोन ही विनातारण कर्जं आहेत. त्यांना तुमच्याकडून काही उचलून नेता येत नाही, नेण्यासाठी आधी कोर्टात जावं लागतं. म्हणून ते ओरडतात. घरवाल्या बँकेला ओरडायची गरज नाही, तिच्याकडे घराचे कागद आहेत. ती एक पत्र पाठवते आणि दिवस मोजते.

ते दिवस आता मोजू. तुमचा सर्वांत जुना थकलेला हप्ता ५ एप्रिलचा. काल ६५ दिवस झाले. थकबाकी ६० दिवसांपुढे गेली की खातं 'एसएमए-२' मध्ये, म्हणजे धोक्याच्या शेवटच्या पायरीवर पडतं, तुम्ही तिथे आहात. ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत-बुडीत कर्ज. तुमच्या बाबतीत ४ जुलैला. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे फार मोठा फरक आहे, आणि तो ग्राहकाला कुणी समजावून सांगत नाही. अलीकडे असताना तुम्ही एकच हप्ता भरलात तरी तो एप्रिलच्या खात्यात जातो आणि मोजणी मेपासून धरली जाते, म्हणजे महिनाभराची उसंत. एकदा एनपीए झालं की एका हप्त्याने भागत नाही. सगळी थकबाकी शेवटच्या रुपयापर्यंत भरल्याशिवाय खातं परत 'स्टँडर्ड' (नियमित) करू नये, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्टच केलंय.

एनपीए झाल्यावर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (तारण ठेवलेली मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस येते, ६० दिवसांची. ती आली तर फाडून टाकू नका. लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ६० दिवस गेले की ताबा, मग लिलाव. लिलावात किंमत कमी आली तर उरलेली रक्कमही तुमच्याच डोक्यावर राहते. घर गेलं म्हणजे कर्ज फिटलं हा समज आपल्याकडे उगाचच पसरलाय.

तेव्हा जूनमध्ये हातात येणारे पहिले २६ हजार घराला. ॲपला नाही.

टॉप-अप विसरा. तीन हप्ते थकलेल्याला आणि पगार नसलेल्याला कुणी देत नाही. मुदत वाढवून मिळेल का ते विचारा, पण फार आशा धरू नका. तुमची १३ वर्षं उरली असतील असं धरतो. ती १६ केली तर हप्ता २६,०३५ चा साधारण २३,४०० होईल. अडीच-पावणेतीन हजारांचा फरक. शिवाय अडचणीमुळे केलेली फेररचना क्रेडिट अहवालात दिसते.


पाढेपाठ | १० जून, दुपारी १:०५

आकडे बघून राहवलं नाही.

कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरा. २ लाख ७७ हजारांवर महिन्याला ९,६९५. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,७४५. एकूण ११,४४०. घराच्या साडेचोवीस लाखांवर महिन्याचं व्याज साधारण १७,३५०. म्हणजे घराच्या कर्जाच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढं कार्डाचं देणं, आणि व्याज मात्र दोन तृतीयांश.

लाखभराच्या थकबाकीवर 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) म्हणून ५ हजार भरले तर त्यातले ४,१३० व्याज आणि करात जातात, मुद्दल ८७० ने कमी होतं. आणि रोख काढलेले २० हजार तर सगळ्यात महाग. तिथे बिनव्याजी दिवस नसतातच, काढल्या दिवसापासून मीटर चालू.

त्या ओळखीच्या माणसाचे ३ लाख: महिना १५ हजार नुसतं व्याज. म्हणजे तुमची ड्रॉइंगची सगळी कमाई त्याच्या घरी, मुद्दल जागच्या जागी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.


काळा_कोट | १० जून, रात्री ९:४५

वकिली करते, ग्राहक आणि बँकांची प्रकरणं बघते.

त्या ५ टक्केवाल्याबद्दल आधी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणं हा २०१४ च्या सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात होते. पण लोक तक्रारीला येतात तेव्हा कोरे धनादेश आणि सह्या केलेले स्टँप पेपर देऊन बसलेले असतात. घेऊच नका.

आता फोन. वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना फोन, बदनामी हे सगळं बंद. कर्ज देणाऱ्या ॲपला तुमची संपर्कयादी आणि फोटो बघायचा अधिकारच नाही, हेही २०२२ पासून. त्या तिन्ही ॲप्सच्या मागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी आहे का ते तिच्या संकेतस्थळावर तपासा. नसेल, किंवा फोटो बदलून पाठवायच्या धमक्या येत असतील, तर १९३० वर सायबर तक्रार करा.

नोंदणीकृत कंपनी असेल तर आधी तिच्याच तक्रार कक्षाला लेखी लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकीलही लागत नाही. (स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतेय.)

'उद्या पोलीस घेऊन येतो' ही धमकी पोकळ आहे. कर्ज फेडता न येणं हा दिवाणी मामला आहे, फसवणूक केली नसेल तर अटक नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. दिलेला धनादेश परत गेला तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ लागतं आणि बँकेतून आपोआप जाणारा हप्ता बाउन्स झाला तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५. दोन्हींत दोन वर्षांपर्यंतची शिक्षा किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. तशी नोटीस आली तर १५ दिवसांची मुदत असते. त्या १५ दिवसांत वकील गाठायचाच.

फोन कुणी केला, किती वाजता, काय म्हणाला, हे लिहून ठेवा. तक्रारीत तेच उपयोगी पडतं.


नुसता_वाचक | १० जून, रात्री १०:१०

आपल्याकडे परदेशासारखी दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता येत नाही का?


काळा_कोट | १० जून, रात्री १०:३०

कागदावर येतं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी तरतूद आहे, पण तो भाग लागूच झालेला नाही. डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी चालू झालाय. बाकीच्यांना १९०९ आणि १९२० चे इंग्रजांच्या काळातले कायदे. पगारदाराने ती वाट धरल्याचं मी क्वचितच बघितलंय.


अबोली७ | १० जून, रात्री १०:४०

काठावरचे, कायदा आणि गणित झालं. घरी कधी सांगताय?


काठावरचा | ११ जून, रात्री २:२०

सगळ्यांचे आभार. वाचून काढलं. सांगायचंय, पण तोंड उघडत नाही. मेहुण्याचं कळलं तर ती मोडून पडेल.

एक विचार गेले काही दिवस सारखा येतोय. माझा ५० लाखांचा टर्म विमा आहे. मी असण्यापेक्षा नसण्यानेच या लोकांचं भलं होईल असा हिशेब बसतो. पाढेपाठ यांनी हाही मांडून बघावा.


अबोली७ | ११ जून, रात्री २:३१

मी जागी आहे. सरळ विचारते, जीव द्यायचा विचार करताय का? तसं असेल तर हे वाचणं थांबवा आणि बायकोला उठवा. आत्ता. ॲप्सचं, भावाचं काही सांगू नका, फक्त 'मला एकट्याला बसवत नाही' एवढं म्हणा. आणि १४४१६ लावा, टेलिमानस, मानसिक आधाराची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतं, मराठीत बोलतात. उठवलंत की इथे एक अक्षर टाका.


दुसरी_वेळ | ११ जून, रात्री २:४०

मीही आहे इथे. २०२० मध्ये याच वेळी स्वयंपाकघरात बसून मी हाच हिशेब केला होता. तो हिशेब चुकीचा असतो, कारण रात्री दोनचं डोकं मांडतं. उठवा तिला.


काठावरचा | ११ जून, पहाटे ३:०५

उठवलं.


काठावरचा | १३ जून, दुपारी ४:१५

परवा रात्री १४४१६ वर पाऊण तास बोललो. काल सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात जाऊन आलो, पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. तो विचार पूर्ण गेला असं म्हणणार नाही, पण आता घरात दोघांना माहीत आहे.

सगळं सांगितलं. मेहुण्याचंही. ती मोडून वगैरे पडली नाही, भयंकर चिडली. दीड दिवस बोलत नव्हती. मग शाळेची एक कोरी हजेरीवही काढली आणि म्हणाली, यापुढे फोन मी घेणार. प्रत्येक फोनची नोंद: वेळ, नाव, कंपनी, काय म्हणाला, आवाज कसा होता. एकाने नाव सांगायला नकार दिला तर 'मग गैरहजर मांडते' म्हणून ठेवून दिला. सात महिन्यांत पहिल्यांदा हसलो.

ॲप्स तपासली. दोघांच्या मागे नोंदलेल्या कंपन्या आहेत. तिसऱ्याचा कुठेच पत्ता नाही. त्याने माझ्या जुन्या साहेबांना मेसेज पाठवला होता. १९३० वर तक्रार केली.

गाडी विकायची ठरलीय. काका, खूश?


खडूसकाका | १३ जून, संध्याकाळी ६:००

खूश नाही. त्या रात्रीचं सकाळी वाचलं आणि माझा पहिला प्रतिसाद परत वाचला. असो.

गाडी विकताना कर्ज आधी फेडून बँकेचं ना-हरकत आणि फॉर्म ३५ घ्या, नाहीतर बोजा उतरत नाही आणि घेणारा नडतो. दलालाला द्यायच्या आधी ओळखीत विचारा. मी एक गाडी घाईत विकून ४० हजारांना खड्ड्यात गेलोय. माझं अंथरूणही काही फार लांब नव्हतं.


दुसरी_वेळ | १४ जून, सकाळी ११:२०

माझी गोष्ट थोडक्यात, कारण तिच्यात दोन चुका आहेत.

मार्च २०२० मध्ये आमच्या दोघांची आवक थांबली. हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत मिळाली ती आम्ही 'माफी' समजून घेतली. व्याज चालूच होतं. सप्टेंबरात शिल्लक बघितली तर घेतलेल्या कर्जापेक्षा जास्त. ती पहिली चूक.

दुसरी जास्त महाग पडली. खर्च कमी करायचा म्हणून आरोग्यविमा बंद केला. चार महिन्यांनी सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर जातो. काठावरचे, तुमचाही नोव्हेंबरात गेला असणार. चौघांसाठी साधी छोटी का होईना, पॉलिसी बघा. कार्डाचा एक हप्ता चुकला तर चुकू दे.

बरोबर काय केलं तर पीएफ मोडला नाही. मोडणारच होतो. एका काकांनी अडवलं. पीएफवर कुठल्याही देणेकऱ्याची जप्ती येत नाही, कायद्यातच तसं आहे. जे कोर्टालाही घेता येत नाही ते आपल्या हातांनी कार्ड कंपनीला का द्यायचं?


निवृत्त_खातेवही | १४ जून, दुपारी १२:४५

पीएफचं दुसरी_वेळ यांनी नेमकं सांगितलं. त्यात एकच भर घालतो. ज्या बँकेचं कार्ड किंवा पर्सनल लोन थकलंय त्याच बँकेत बचत खातं असेल तर येणारा पैसा बँक थकबाकीत वळवून घेऊ शकते. बायकोचा पगार आणि ड्रॉइंगचे पैसे वेगळ्या बँकेत येऊ द्या. यात लपवाछपवी काही नाही, किराणा आणि घराचा हप्ता आपल्या हातात राहावा एवढंच.

आणि कुठल्याच कर्जाला मित्र, नातेवाईक जामीनदार आहे का ते आज सांगा. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट त्याच्याकडे जाऊ शकते.


काठावरचा | १४ जून, रात्री ८:३०

जामीनदार कुणी नाही. तेवढं एक बरं.

आरोग्यविम्याचं डोक्यातच नव्हतं. उद्या बघतो.


पाढेपाठ | १५ जून, सकाळी १०:००

गाडीचे पैसे आले की माझ्या मते कार्डात टाका. ४० टक्क्यांपुढचं व्याज आधी मारायचं, पाचवीचं गणित आहे.


निवृत्त_खातेवही | १५ जून, सकाळी ११:१५

पगार चालू असता तर तुमचंच ऐकलं असतं. आवक नसताना कार्डात टाकलेला पैसा परत मिळत नाही, मर्यादा गोठवलेली असते. आणि पुढच्या महिन्यात घराचा हप्ता कुठून भरायचा? आधी घराची थकबाकी, मग तीन महिन्यांचे हप्ते बाजूला. कार्डाला लिहून कळवायचं: नोकरी गेली, तारीख अमुक, सध्या भरू शकत नाही, अमुक महिन्यात परत बोलू. सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र जोडायचं.


पाढेपाठ | १५ जून, सकाळी ११:५०

व्याज चढत राहील त्याचं काय?


निवृत्त_खातेवही | १५ जून, दुपारी १२:०५

चढेल. क्रेडिट स्कोअर पडेल, फोन वाढतील. मी फुकटचं औषध देतोय असं म्हटलं नाही. पण कार्डाचं देणं पुढे तडजोडीत निम्म्यावर आलेलं मी शेकड्यांनी बघितलंय. गृहकर्जाचं तसं होत नाही, बँकेकडे घर असताना ती कशाला सोडेल?


खडूसकाका | १५ जून, दुपारी २:३०

मूळ मुद्द्याला कुणीच हात घालत नाही. घराची किंमत काय?


काठावरचा | १५ जून, रात्री ९:००

४८ लाखांपर्यंत जाईल म्हणतात. शेजारच्या विंगमधला फ्लॅट त्या भावाला गेला.


खडूसकाका | १५ जून, रात्री ९:२०

एकूण देणं साडेपस्तीस. घर विकलं तर सगळी देणी फिटून हातात दहा-बारा लाख राहतात. भाड्याने राहा. लिलावात जाईल त्यापेक्षा स्वतः विकलेलं बरं.


अबोली७ | १५ जून, रात्री ९:४०

दोन मुलं, शाळा, शेजार. घर म्हणजे नुसती किंमत नसते काका.


खडूसकाका | १५ जून, रात्री ९:५५

अहो, मान्य. पण नाकापेक्षा मोती जड झाला तर नाकच जातं.


दुसरी_वेळ | १५ जून, रात्री १०:३०

आम्ही विकलं होतं. पहिलं वर्ष त्या रस्त्याने जात नव्हतो. आता जातो. अबोली, तुमचंही खरं आणि काकांचंही. विकायचं तर खातं एनपीए व्हायच्या आत विकायला काढावं, नंतर गिऱ्हाईक भाव पाडतं.


काठावरचा | ६ जुलै, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा. गाडी ३ लाख ४० हजारांना गेली. कर्ज फेडून १ लाख ३० हजार उरले. घराचे एप्रिल, मे, जून असे तिन्ही हप्ते २८ जूनला भरले, दंडासकट ८० हजारांच्या आसपास गेले. काल जुलैचाही गेला. नोंदलेल्या दोन ॲप्सपैकी लहानातलं एक मिटवून टाकलं. पाढेपाठ रागावतील, पण एक नाव यादीतून खोडल्याचं सुख व्याजात मोजता येत नाही.

चौघांची आरोग्य पॉलिसी घेतली. कार्डं आणि पर्सनल लोनवाल्यांना ईमेल गेले. त्यांचे फोन दुप्पट झालेत. वहीची २३ पानं भरली. एक एजंट रात्री ९ ला दारात आला होता. तिने दारातच नाव, ओळखपत्र क्रमांक लिहून घेतला आणि वेळ मोठ्याने वाचून दाखवली. तक्रार केलीय.

घराचं असं ठरलं: डिसेंबरअखेर कायम नोकरी नाही मिळाली तर विकायला काढायचं. तारीख तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलीय. मला ते पान उघडवत नाही, तिला उघडवतं.

मेहुण्याला दरमहा दोन हजार द्यायला लागलो. नको म्हणत होता. ती म्हणाली घे, नाहीतर पुन्हा लपवाछपवी सुरू होईल.


काठावरचा | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४०

धागा वर काढतोय. सप्टेंबरपासून एका छोट्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर आहे, ३४ हजार. पूर्वीच्या निम्म्याहून कमी, पण दर महिन्याला येतात. घराचे हप्ते चालू आहेत. पर्सनल लोनवाल्यांकडून लोकअदालतीची नोटीस आली होती. आधी धसकलो, मग काळा_कोट यांना विचारलं. गेलो. उरलेलं देणं लांब मुदतीत बसवून हप्ता ७,५०० वर आलाय.

आता प्रश्न. १ लाख ८५ हजारांचं कार्ड फुगून २ लाख ३० झालंय. काल फोन आला, ९५ हजारांत मिटवू, पण आजच्या आज, आणि एका यूपीआय क्रमांकावर. मेहुणा अजून थोडे द्यायला तयार आहे. भरू का?


काळा_कोट | १९ नोव्हेंबर, रात्री ८:०५

लोकअदालतीतली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते, त्यावर अपील नाही. ते साडेसात हजार चुकवू नका. कार्डाचं खातेवही सांगतील.


निवृत्त_खातेवही | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

एक रुपया भरू नका. बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र मागवा. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, शेवटची तारीख आणि 'पूर्ण व अंतिम तडजोड' हे शब्द हवेत. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. 'आजच्या आज' ही ऑफर महिनाअखेरीला पुन्हा येते, त्यांचं टार्गेट असतं. पैसे भरल्यावर थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' (तडजोडीत मिटवलं) असा शेरा पडेल, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) नाही. काही वर्षं नवं कर्ज मिळणं अवघड जाईल.


काठावरचा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नवं कर्ज नकोच आहे.


काठावरचा | २८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

पत्र मागितल्यावर त्या माणसाने फोन आपटला होता. आज बँकेच्या पत्त्यावरून ईमेल आला: ९० हजार, तीन हप्त्यांत, तुम्ही सांगितलेले सगळे शब्द आहेत. मागोमाग त्याच माणसाचा फोन. वहीतली नोंद जशीच्या तशी: 'दु. ४:१०. नाव सांगितले. मॅडम म्हणाला. आवाज मऊ. हजर.'